तान्ह्या बाळाचा पहिला दिवसभराचा प्रवास

मूल दोन-तीन महिन्यांचे झाले, म्हणजे त्यास घेऊन सकाळी निघावे व सायंकाळी परतावे, असा एखादा प्रवास करण्याची इच्छा आईबापांस होते. मोठ्या माणसांस ती केवळ सहल असते. बाळाच्या शरीरास मात्र त्या दिवशी उष्णता व पाणी यांचा तोल एरवीपेक्षा अधिक कष्टाने सांभाळावा लागतो. हे कष्ट कशामुळे पडतात ते कळले, की काय करावे व काय टाळावे हे सहज उमगते.

शरीरातील उष्णता मुख्यतः त्वचेवाटे बाहेर जाते व बाहेरील उष्णता त्वचेवाटेच आत येते. वजनाच्या मानाने पाहता नवजात बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक भरते. यामुळे बाळ लवकर गारठते आणि लवकर तापतेही. थंडीत प्रौढ मनुष्य कुडकुडतो व स्नायूंच्या त्या हालचालीतून ऊब निर्माण होते. तान्ह्या बाळास असे कुडकुडता येत नाही. मान व खांदे यांच्या आसपास साठलेल्या तपकिरी चरबीच्या ज्वलनावर त्यास विसंबावे लागते. उलट उन्हाळ्यात त्यास प्रौढाइतका घाम येत नाही.

डेहराडूनहून मसुरीस जाण्याचे उदाहरण घेऊ. डेहराडून समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर, तर मसुरी सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. मधला रस्ता जेमतेम ३५ किलोमीटरांचा. उंची हजार मीटरांनी वाढली की हवा साधारणतः साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. अर्थात थोड्याच वेळात बाळ आठ-नऊ अंश थंड हवेत जाऊन पोहोचते. एकच जाड दुलई घेतली, तर पायथ्याशी ते उकडेल व ती काढताच वर गारठेल. यास्तव पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत व हवेप्रमाणे कमी-अधिक करावेत. बाळाचे हातपाय एरवीही गार लागतात. म्हणून छातीस किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावे. घाटात मधून मधून गाडी थांबवून बाळास पाजावे. गिळण्याच्या क्रियेने कानातील दाब बाहेरील हवेच्या दाबाशी जुळतो.

मोटारीत बाळास मांडीवर न घेता मागील बाकावर, गाडीच्या मागील बाजूस तोंड असलेल्या बाल-आसनात बांधून ठेवणे सुरक्षित असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. तेव्हा झोपलेल्या बाळास तीत क्षणभरही एकटे ठेवू नये. ऊन लागू नये म्हणून बाळाच्या गाडीवर कापड पांघरल्यास हवा कोंडून आतील उष्णता वाढते. त्यापेक्षा झाडाची सावली बरी.

प्रवासात तहान लागेल म्हणून बाळास पाणी पाजण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मातेच्या दुधात शेकडा ८७ च्या आसपास पाणीच असते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत, कडक उन्हाळ्यातही, निराळ्या पाण्याची गरज नसते. पाण्याने पोट भरून बाळ दूध कमी पिते, आणि पाणी अशुद्ध असल्यास अतिसार होतो. उष्म्यात स्तनपान अधिक वेळा करावे व मातेने स्वतः भरपूर पाणी प्यावे. वरच्या दुधावरील बाळासाठी भुकटी व उकळलेले पाणी वेगवेगळे न्यावे. पाणी थर्मासमध्ये गरम ठेवावे. दूध त्या त्या वेळी तयार करून, पाजण्याजोगे निववून द्यावे व उरलेले टाकून द्यावे.

गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्यापूर्वी गर्दीचे बाजार व खोकणारी माणसे यांपासून बाळास दूर ठेवणे इष्ट होय.

बाळ दूध घेईनासे झाले, मलूल दिसू लागले किंवा त्याची लघवी फार कमी झाली, तर प्रवास तेथेच थांबवावा व वैद्यकीय साहाय्य घ्यावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक आढळल्यास घरी पोहोचण्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे.