कुस्त्यांच्या फडांतील पिण्याचें पाणी

जत्रेंत कुस्त्यांचा फड भरवावयाचा म्हणजे पंचमंडळी इनाम, हलगी व आखाड्याची माती यांची तजवीज आधीं करितात. पाण्याची आठवण लोक तहानेनें व्याकुळ झाल्यावर होते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं एका गांवीं फडानंतर घरोघर जुलाबाचे रोगी पाहिले आहेत. ओढ्याकांठच्या विहिरीचें पाणी तसेंच पिंपांत भरलें होतें, व जो तो हात बुडवून पेला भरीत होता.

उपाय अल्पखर्चाचा आहे. १,००० लिटर स्वच्छ पाण्यास सुमारें २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. दोन हजार प्रेक्षकांस माणशीं दोन लिटर धरल्यास पाणी ४,००० लिटर व पावडर १० ग्रॅम होते. ती थोड्या पाण्यांत कालवावी, गाळ खालीं बसूं द्यावा, व वरची निवळी टाकींत मिसळावी. पुढें निदान एक तास तें पाणी कोणास देऊं नये. जंतु मरण्यास तेवढा अवधि लागतो. डबा उघडा राहिल्यास पावडरीचें सत्त्व उडून जातें, म्हणून गतवर्षीची उरलेली वापरूं नये. गढूळ पाणी आधीं निवळून घ्यावें. पिंपास तोटी बसवावी, म्हणजे कोणाचा हात आंत जात नाहीं.

शेवटच्या कुस्तीच्या इनामास हजारों रुपये जमविणाऱ्या पंचांस १० ग्रॅम पावडर जड जाऊं नये. पाहुणा आपल्या गांवाहून कुस्तीची आठवण घेऊन जावा, दुखणें नव्हे.