एका गुंठ्यातला गोल्फ

पुण्याहून विमानतळाकडे जाताना येरवड्याला एक भले मोठे मैदान लागते. भर उन्हाळ्यात आजूबाजूची माती करपते, पण हे मैदान हिरवेगार असते. तेथे काही माणसे लांब काठीने पांढरा चेंडू मारताना दिसतात. चेंडू दूर जाऊन पडतो. मग ती माणसे सावकाश त्याच्यामागे चालत जातात आणि पुन्हा मारतात. नव्या माणसाला वाटते, हा कसला खेळ बुवा? कोणी धावत नाही, कोणी बाद होत नाही!

हा खेळ गोल्फ. तो मूळचा स्कॉटलंड देशातला. आपल्याकडे तो इंग्रजांनी आणला. खेळ समजायला सोपा आहे. गोट्या खेळताना पोरे जमिनीत गल खणतात ना? तशा 18 गली मैदानात दूर दूर असतात. काठीने चेंडू टोलवत एकेका गलीत घालायचा. ज्याला सगळे मिळून कमी टोले लागले, तो जिंकला.

खेळ सोपा, पण जागा महाग. गोल्फच्या पुऱ्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते. तिच्यावर गवत वाढवायचे, त्याला पाणी द्यायचे, ते कापायचे. तेवढ्या जमिनीवर आपल्याकडे वीस-पंचवीस कुटुंबे पोट भरतात. म्हणून हा खेळ पैसेवाल्यांचाच राहिला, यात नवल नाही.

पण या खेळाला एक धाकटे भावंड आहे. त्याचे नाव मिनी गोल्फ, म्हणजे लहान गोल्फ. आम्हाला आज सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

स्कॉटलंडात समुद्रकाठी सेंट अँड्र्यूज नावाचे गाव आहे. गोल्फचे ते पंढरपूरच म्हणा. तिथल्या बायकांनाही खेळावेसे वाटे. पण बाईमाणसाने काठी खांद्यावर उगारून टोला मारणे शोभत नाही, असे त्या काळचे लोक मानत. बायका गप्प बसल्या नाहीत. 1867 साली त्यांनी आपले वेगळे मंडळ काढले. वाळूच्या टेकाडांजवळ त्यांना थोडी जागा मिळाली. तेथे त्या बेतानेच टोला देत आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत नेऊन गलीत घालत. जागा उंचसखल, सगळे चढउतार. म्हणून त्या मैदानाला नाव पडले 'हिमालय'! आपला हिमालय कुठे आणि ते गाव कुठे! ते मैदान अजून आहे. आज तेथे थोडे पैसे भरून कोणीही खेळू शकतो, बाई असो की पुरुष.

आता गवताचा प्रश्न राहिला. तो सोडवला कशाने? सरकीने! टॉमस फेअरबेर्न नावाचा एक गृहस्थ मेक्सिको देशात कापसाच्या मळ्यावर होता. त्याला गोल्फचे वेड. पण तिथल्या जमिनीवर चांगले गवत येईना. 1922 च्या सुमाराला त्याने सरकीची टरफले घेतली. त्यांत वाळू, तेल आणि रंग मिसळला. ते मिश्रण दाबून बसवले. गवतासारखी सपाट जमीन तयार झाली. आपण सरकीची पेंड गुरांपुढे ठेवतो. तिच्या टरफलांवर पुढे एक धंदा उभा राहिला.

1927 साली अमेरिकेत गार्नेट कार्टर नावाच्या माणसाने लुकआउट डोंगरावर असा लहान खेळ मांडला आणि पुढे त्याचा व्यापार केला. लोकांना खेळ आवडला. 1930 साली तर इतके वेड लागले की न्यूयॉर्क शहरात इमारतींच्या गच्च्यांवरही तो खेळू लागले. ती लाट लवकरच ओसरली.

खेळाला शिस्त आली ती स्वित्झर्लंड देशात. पॉल बोंग्नी हा बागा आखणारा माणूस. त्याने सिमेंट-काँक्रीटचे 18 पट्टे आखले. सगळ्यांची मापे ठरलेली. 1954 साली आस्कोना गावात असे पहिले मैदान सुरू झाले. मग सिमेंटच्या सपाट पत्र्यांचे आणखी लहान पट्टे निघाले. असा एक पट्टा सव्वासहा मीटर लांब आणि 90 सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे लांबी सुमारे वीस फूट आणि रुंदी तीन फुटांना थोडी कमी. आम्ही हिशोब करून पाहिला. असे 18 पट्टे शेजारी शेजारी मांडले तर जागा भरते 101 चौरस मीटर. तोच आपला एक गुंठा! मध्ये चालायला-वळायला आणखी काही गुंठे धरा. कुठे शंभर एकर आणि कुठे हे!

जागा लहान म्हणून खेळ पोरांचा, असे मात्र समजू नका. प्रत्येक पट्ट्यावर काहीतरी अडचण ठेवलेली असते. कुठे उंचवटा, कुठे बोगदा, कुठे अरुंद फट. चेंडू मोठ्या लिंबाएवढा. कॅरममध्ये सोंगटी काठाला आपटून परत आणतात, तसा चेंडूही काठावर आपटून वळवावा लागतो. स्पर्धेत एकेका पट्ट्याला सहा टोले मिळतात. सहांत चेंडू गलीत गेला नाही तर कागदावर 7 लिहायचे आणि पुढच्या पट्ट्यावर जायचे. पहिल्याच टोल्याला गेला तर 1. सगळ्या 18 पट्ट्यांवर एकेक टोला लागला तर बेरीज 18. त्याहून कमी होणेच नाही. पत्र्याच्या पट्ट्यांवर तरबेज खेळाडू 25 च्या आत बेरीज आणतात. तेव्हा एखाद्या पट्ट्यावर 7 पडले तर काय होईल, ते तुम्हीच पहा. आधीच्या सतरा पट्ट्यांची मेहनत एका पट्ट्यावर जाते. म्हणून पट्टीचा खेळाडू टोल्याआधी गुडघ्यावर बसून उतार न्याहाळतो. चिडणारा माणूस येथे टिकत नाही.

चेंडूचेही शास्त्र आहे. काही चेंडू खूप उसळतात, काही मुळीच उसळत नाहीत. खेळाडू पेटीत डझनावारी चेंडू बाळगतो आणि पट्टा पाहून निवडतो. चेंडू गरम झाला की जास्त उसळतो, गार झाला की कमी. म्हणून कोणी चेंडू खिशात ऊब देऊन ठेवतात, तर कोणी थंड पिशवीत. काही स्पर्धांत मात्र सगळ्यांना एकाच जातीचा चेंडू देतात. आम्हाला हा नियम बरा वाटतो. नाहीतर येथेही ज्याची पेटी मोठी त्याचे फावेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज हे गाव आहे. तेथे समुद्रालगत असे मैदान आहे. पट्ट्यांवर पवनचक्की वगैरे गमतीच्या अडचणी. सुट्टीला आलेली कुटुंबे तेथे खेळतात. त्याच मैदानावर 2003 सालापासून जागतिक स्पर्धा भरू लागली. पवनचक्कीचे पाते फिरत असते. त्याच्यामागून वाट साधून चेंडू सोडायचा. उघड्यावर खेळायचे, म्हणजे वारा आणि पाऊसही आलाच. जमीन ओली झाली की चेंडू हळू जातो. मग सकाळचा अंदाज दुपारी चुकतो. शेवटी दोघांची बेरीज सारखी आली तर? पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून सुरू करतात. एखाद्या पट्ट्यावर ज्याला एक टोला कमी लागेल, तो जिंकला.

हा खेळ आपल्याजवळही आला आहे. 2023 सालच्या 26 ऑक्टोबरपासून 9 नोव्हेंबरपर्यंत गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांत कबड्डी, खोखो आणि मल्लखांब यांच्या बरोबरीने मिनी गोल्फही होता. त्या स्पर्धांत महाराष्ट्राने सर्व खेळ मिळून 228 पदके मिळवली आणि पहिला नंबर पटकावला.

तुम्हाला गंमत पाहायची असेल तर सारवलेले अंगण किंवा खळे पुरे. दोन्ही बाजूंना विटांची ओळ लावा. मध्ये एक वीट आडवी ठेवा. टोकाला पाण्याचा पेला आडवा ठेवा, तीच गल. गवऱ्या उचलायला आलेल्या म्हातारीलाही एक टोला मारायला सांगा. आकडे भिंतीवर खडूने लिहा. सातापुढचा आकडा लागत नाही. बेरीज तेवढी नीट करा.