चवदार तळ्याचा दावा आणि ‘खासगी’ हा शब्द

विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात. कल्पित खटला दिला जातो, विद्यार्थी दोन्ही बाजूंनी लेखी निवेदने तयार करतात आणि परीक्षक न्यायाधीशांसमोर मांडतात. जिंकतो तो युक्तिवाद. पक्षकार खरा की खोटा याला महत्त्व नसते. तंत्रज्ञान आणि खासगीपणा हा सध्याचा आवडता विषय आहे. त्यातली गावे मात्र काल्पनिक असतात. माझ्या मते महाडच घ्यावे, कारण ‘खासगी’ या शब्दावरून सुरू झालेला एक दावा महाडने जवळजवळ दहा वर्षे पाहिला आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. १२ डिसेंबरला काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला: तळे सार्वजनिक नाही, आमच्या खासगी मालकीचे आहे. लगेच तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. पुढे मालकीचा मुद्दा मागे पडला आणि वाद रूढीवर येऊन ठेपला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड (१९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच) आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळले. ही रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही.

तिथे ‘खासगी’ म्हणजे कुंपण होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानुसार तो जागेचा नसून माणसाचा आहे, त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. म्हणून सार्वजनिक जागी गेल्याने तो संपत नाही.

आता कल्पित खटला असा: नगरपरिषद ठराव करून तळ्याभोवती चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवते. २० मार्चला कोणी मुंबईहून येतो, कोणी आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे. पाहणारा पोलीस चेहरे विसरतो. यंत्र ते साठवते आणि पुढच्या वर्षीच्या चेहऱ्यांशी जुळवते. कोण कोणत्या विचाराचा, बहुधा कोणत्या जातीचा, याची यादी आपोआप तयार होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशा संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही.

नगरपरिषदेची बाजूही दुबळी नाही. गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर? हरवलेले मूल शोधायचे असेल तर? पण पुट्टस्वामीची कसोटी तीन प्रश्न विचारते: कायद्याचा आधार आहे का, उद्देश रास्त आहे का, उपाय त्याच्या प्रमाणात आहे का? हरवलेल्या मुलासाठी सर्वांचे चेहरे वर्षभर ठेवायचे कशाला, इथे ही बाजू अडेल.

पण मी याचिकाकर्त्यांचा वकील असतो तर पहिल्याच प्रश्नावर थांबलो असतो. ठराव म्हणजे कायदा नव्हे. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता आणि ऑगस्ट १९२७मध्ये तो रद्दही केला होता.