ऑनर्स म्हणजे बारा श्रेयांकांचं काम
(पदवीचा नवा नकाशा : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात श्रेयांक कसे साठतात ते पाहिलं. त्यावर बी.ए.च्या मुलांचे पालक हमखास विचारतात, की चौथं वर्ष केल्यावर पदवीपुढे ‘ऑनर्स’ लागेल, पण त्याचा अर्थ काय?

आपल्याकडे मान म्हटला की पदवीदान समारंभ डोळ्यांपुढे येतो. अर्थशास्त्रात किंवा इतिहासात विद्यापीठात पहिली आलेली मुलगी मंचावर जाते, कुणा देणगीदाराच्या आईवडिलांच्या नावाचं सुवर्णपदक घेते, घरचे फोटो काढतात. त्या मुलीनं तीन वर्षं जीव ओतलेला असतो आणि तो आनंद तिच्या हक्काचाच आहे. पण पदक गुणांवर मिळतं. समोर आलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला येतं एवढं ते सांगतं. तिला स्वतःला कोणता प्रश्न पडतो, ते त्यातून कळत नाही. सामाजिक शास्त्रांत तर सगळी मदार प्रश्नावरच असते.

केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी अॅडम स्मिथ पारितोषिक आहे. १९५४ साली ते अमर्त्य सेन यांना मिळालं, १९५६ साली मनमोहन सिंग यांना. पुढे त्याच नावाची दोन पारितोषिकं झाली : एक शेवटच्या वर्षाच्या परीक्षेतल्या सर्वोत्तम कामगिरीला, दुसरं सर्वोत्तम प्रबंधाला. उत्तर देण्याची तयारी आणि प्रश्न धसास लावण्याची ताकद हे दोन वेगळे गुण आहेत, हे तिथे मान्य झालेलं दिसतं.

आपल्या नव्या रचनेतही ही वाट आहे, फक्त ती फारशी कुणी समजावून सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. नुसती ‘ऑनर्स’ पदवी जादा विषय शिकून मिळते. ‘संशोधनासह ऑनर्स’ हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के हवेत, आणि किमान १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या संशोधन प्रकल्पाचे किंवा प्रबंधाचे असतात. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली, म्हणजे तिथली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला बसेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी आत्ताच विभागात जाऊन विचारावं : आपल्याकडे यातलं काय सुरू होणार, आणि मार्गदर्शक कोण?

७५ टक्क्यांची अट मला पटत नाही. गावच्या पाण्याच्या वाटपाबद्दल किंवा ऊसतोडीच्या उचलीबद्दल नेमका प्रश्न विचारू शकणारी मुलं अनेकदा ६५ टक्क्यांच्या घरात असतात. कारण इतकंच, की सकाळी घरचं काम उरकून ती कॉलेजला येतात. त्यांना अट शिथिल करण्याचा अधिकार विभागाला असायला हवा होता.

विद्यार्थ्याचं लिखाण कुठवर जाऊ शकतं? डॉ. आंबेडकर १९१२ साली मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. शिक्षण पदव्युत्तर असलं तरी ते वर्गासाठी लिहिलेलंच काम होतं. पुढच्या वर्षी ते ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आलं आणि आजही समाजशास्त्राच्या वर्गात त्याच्यावर वाद होतात.

एवढ्या उंचीकडे पाहून दडपून जायचं कारण नाही. आठवडी बाजारापासून सुरुवात करता येते. भाजी विकणाऱ्या मावशींना ‘महिन्याला किती मिळतात?’ असं विचारलं तर त्या हसून म्हणतील, ‘काय उरतंय बाई!’ वहीत लिहायला काही मिळत नाही. तिथून निमूट परत येणारा विद्यार्थी आपलं अंदाजानं एक आकडा टाकतो. दुसरी मुलगी तिथेच बसते आणि विचारते, पहाटे लिलावात मेथीची जुडी कितीला घेतली, टेम्पोला किती दिले, जागेची पावती कितीची, उसने आणलेत का, संध्याकाळी उरलेल्या जुड्यांचं काय करता? मावशी बोलू लागतात, कारण त्यांचा हिशेब महिन्याचा नसतो, रोजचा असतो. उधारी मात्र आठवड्याची, आणि ती फेडायला किती जुड्या विकाव्या लागतात हे त्यांना तोंडपाठ असतं. अशा तीस मावशी, चार बाजार, पावसाळा आणि उन्हाळा धरला की वर्षभराचं काम झालं.

त्या मुलीनं पहिल्या बाजारच्या दिवसापासून तारीख घालून वही ठेवावी आणि मावशींची परवानगी घेऊनच लिहावं. सांगितलेले आकडे त्यांच्याच शब्दांत उतरवावेत. शक्य झालं तर शेवटी सगळं मराठीत मांडून त्याच बाजारात जाऊन त्यांना वाचून दाखवावं. चुकलेला आकडा त्या लगेच दुरुस्त करतील.

पुढील लेखांकात : मार्गदर्शक कसा निवडावा.