मुखवट्यामागचा माणूस : जपानी तोकुसात्सू मालिकांच्या आस्वादाचे स्वरूप

बीजशब्द : तोकुसात्सू, जायंट रोबो, अल्ट्रामॅन, दूरदर्शन, बोहाडा

प्रस्तावना :

१९८० च्या दशकात दूरदर्शनवरून ‘जायंट रोबॉट’ ही मालिका दाखविली गेली. मनगटावरील घड्याळातून आज्ञा देणारा मुलगा आणि त्याच्या शब्दासरशी आकाशात झेपावणारा अजस्र यंत्रमानव त्या पिढीतील अनेक मराठी प्रेक्षकांना आजही आठवतो. मूळ मालिका जपानी. मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवर आधारलेली ‘जायंट रोबो’ ही तोएई कंपनीची निर्मिती ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळात २६ भागांत जपानमध्ये प्रक्षेपित झाली. इंग्रजी आवृत्तीत तिचा बालनायक दाइसाकू हा ‘जॉनी सोको’ झाला. अशा मालिकांना जपानमध्ये ‘तोकुसात्सू’, म्हणजे विशेष तंत्राने केलेले चित्रीकरण, असे म्हणतात. आजचा प्रेक्षक त्या पाहून सहज हसतो. राक्षस रबराचा आहे, इमारती पुठ्ठ्याच्या आहेत, हे त्याला दिसते. तरीही त्यांचा आनंद टिकून का राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र आणि त्यामागील गणित :

या परंपरेचे प्रमुख शिल्पकार एइजी त्सुबुराया (१९०१-१९७०) होत. इशिरो होंडा दिग्दर्शित ‘गोजिरा’ (१९५४) या चित्रपटात त्यांनी माणसाला राक्षसाचा पोशाख चढवून लहान प्रतिकृतींच्या शहरातून चालविले. गोजिराची कल्पित उंची ५० मीटर, पोशाख सुमारे दोन मीटरचा. म्हणजे प्रमाण १ : २५. अडचण मात्र केवळ आकाराची नव्हती. ४५ मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात, तर प्रतिकृतीतील १.८ मीटरवरून तो ०.६ सेकंदातच खाली येतो. उंची पंचवीस पटींनी घटली तरी काळ पाचच पटींनी घटतो. त्यामुळे कॅमेरा पाचपट वेगाने, सेकंदाला १२० चौकटी अशा गतीने चालवून तेच चित्रण नेहमीच्या २४ चौकटींच्या गतीने दाखविले, तर कोसळणाऱ्या मनोऱ्याला खऱ्या मनोऱ्याचे वजन येते. प्रत्यक्ष चित्रीकरणात हा वेग प्रसंगानुसार कमीअधिक ठेवला जाई. पाणी आणि आग मात्र या गणिताला दाद देत नाहीत. पाण्याचा थेंब काही पंचवीसपट लहान करता येत नाही, आणि जाणत्या प्रेक्षकाला नेमके तिथेच गुपित कळते.

पोशाखातील माणसाकडे मात्र समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गोजिराची भूमिका करणारे हारुओ नाकाजिमा (१९२९-२०१७) यांनी चाल साधण्यासाठी प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचे निरीक्षण केले होते. पहिला पोशाख इतका जड होता, की आत फार वेळ राहणे शक्य नसे. जुलै १९६६ मध्ये सुरू झालेल्या, ३९ भागांच्या ‘अल्ट्रामॅन’ मालिकेत नायकाच्या पोशाखात बिन फुरुया होते. अल्ट्रामॅनला पृथ्वीवर तीनच मिनिटे लढता येते. छातीवरील दिवा निळ्याचा लाल होऊन लुकलुकू लागला, की वेळ संपत आल्याचे समजते. चेहऱ्यावर कोणताही भाव दाखविता येत नसताना त्या देहाचा थकवा खांद्यांतून आणि गुडघ्यांतून व्यक्त होतो. हा अभिनयच आहे.

मुखवट्याची ओळखीची रीत :

पालघर जिल्ह्यातील वाचकाला ही रीत परकी वाटू नये. डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा परिसरात बोहाडा होतो. रात्री संबळाच्या तालावर देव-दानवांची सोंगे नाचत येतात. सोंग कोणी घेतले आहे, हे गावाला ठाऊक असते. ते ठाऊक असूनही देवीसमोर हात जोडले जातात. प्रेक्षक फसत नाही. तो मानून घेतो. तोकुसात्सूचा आस्वादही असाच आहे. संगणकनिर्मित दृश्यांत प्रेक्षकाचे हे काम पडद्यानेच करून टाकलेले असते. अर्थात बोहाड्याला श्रद्धेचे अधिष्ठान आहे आणि दूरचित्रवाणी मालिकेला व्यापाराचे. हा भेद लहान नाही.

राक्षसाची बाजू :

या मालिका निव्वळ मारामारीच्या आहेत, हा आक्षेप काही भागांना लागूही पडतो. परंतु ‘जायंट रोबो’च्या अखेरच्या भागात, इतके दिवस केवळ आज्ञा पाळणारा यंत्रमानव परत फिरण्याची हाक झुगारून शत्रूसह अवकाशात जातो आणि उल्केवर आदळून नष्ट होतो. ‘अल्ट्रामॅन’चा २३ वा भाग याहून अस्वस्थ करणारा आहे. मामोरू सासाकी यांनी लिहिलेल्या आणि आकिओ जिस्सोजी यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागातील जामिला हा राक्षस मूळचा माणूस, एक अंतराळवीर. निर्जल ग्रहावर तो अडकतो, त्याच्या देशाचे सरकार ही गोष्ट लपवून ठेवते, आणि पाण्यावाचून त्याचे शरीर पालटत जाते. सूड घेण्यासाठी तो पृथ्वीवर परततो, तेव्हा त्याला मारण्याचे साधन असते पाणीच. चिखलात तडफडणाऱ्या जामिलाचा आक्रोश दिग्दर्शक बराच वेळ ऐकवितो. पुढे त्याच्या नावे गौरवाचा फलक उभारला जातो. तेव्हा पथकातील इदे हा तरुण मागे रेंगाळतो आणि त्या सुंदर शब्दांविषयी कडवटपणे पुटपुटतो.