चार टनांचा फरक

उसाच्या लागणीचे दिवस जवळ आले, की बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याच्या सोप्यावर कर्जाचा सल्ला विचारायला माणसे येतात. परवा आमच्या पेठ वडगावातलाच एक तरुण शेतकरी आला. हातात नव्या बेण्याचे पत्रक. म्हणाला, "काका, जुन्याची सरासरी एकरी ४४ टन, नव्याची ४८. चार टन जादा म्हणत्यात. पाच एकराला कर्ज काढू न्हवं?"

"किती प्लॉटांवरून काढली सरासरी?" मी विचारले. पत्रकात ते नव्हते.

त्याला काय सांगणार? कर्जाचे अर्ज तपासताना मीही वर्षानुवर्षे सरासरीच्या एकाच आकड्यावर सही करत आलो. मग कागद घेऊन बसलो.

समजा, दोन्ही बेण्यांचे सोळा-सोळा प्लॉट चिठ्ठ्या टाकून निवडले. एकाच बेण्याचा ऊस एका रानात ३६ टन, तर दुसऱ्यात ५२ टन पडतो. असा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ८ टन धरू. मग चार टनांच्या फरकाला साधारण ५.८ टन अलीकडे-पलीकडे जागा ठेवावी लागते. म्हणजे खरा फरक पावणेदोन टन तोट्यापासून पावणेदहा टन फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो. या पट्ट्याला विश्वास-अंतराल म्हणतात. अशा रीतीने शंभर वेळा पट्टा काढला, तर सुमारे ९५ वेळा खरा फरक त्यात सापडतो. पट्ट्यात शून्य आले, तर नवे बेणे सरस असे छातीठोक सांगता येत नाही. दोन्ही सारखीच, असेही नाही.

आता प्लॉट ४९-४९ घेतले तर? जुन्याचा पट्टा ४१.७ ते ४६.३, नव्याचा ४५.७ ते ५०.३. "काका, पट्टे एकमेकांवर चढले की! म्हंजे फरक न्हाई?" पोराने बरोबर शंका काढली, आणि इथेच भलेभले फसतात. दोन्ही सरासऱ्या एकाच वेळी उलट्या टोकांना चुकतील, असे क्वचितच घडते. म्हणून २.३ आणि २.३ यांची सरळ बेरीज करायची नसते. काटकोनी रानाचा कर्ण दोन बांधांच्या बेरजेपेक्षा लहान असतो, तसा हा हिशेब ३.२ येतो. फरकाचा पट्टा ०.८ ते ७.२. त्यात शून्य नाही. तेव्हा दोन पट्टे शेजारी ठेवून बघू नयेत, फरकाचाच पट्टा काढावा.

लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे १९३४ मध्ये ही कल्पना मांडली येर्झी नेमन यांनी. त्याच काळात लंडनला त्यांच्याजवळ शिकत होते आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी पीक कापणीच्या लहान आणि मोठ्या तुकड्यांच्या सरासऱ्या ताडून पाहिल्या. लहान तुकड्यांत पीक जास्त भरत होते! कारण साधे होते. तुकड्याच्या कडेवरची रोपे कापणारा आतच धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड जास्त. अशी चूक असेल, तर हजार प्लॉट घेऊनही पट्टा अरुंद होईल, पण चुकीच्या जागी बसेल.

म्हणून मी त्याला आणखी दोन प्रश्न लिहून दिले. नवे बेणे काळ्या, भरपूर पाण्याच्या रानात आणि जुने माळावर लावले होते का? वजन साऱ्या प्लॉटचे केले, की चांगल्या सऱ्या निवडून?

पोरगा विचारात पडला. पाच एकरांवरून अर्ध्या एकरावर आला. शेजारीच जुनेही लावीन, पाणी-खत सारखेच देईन म्हणाला. एका अर्ध्या एकराने निकाल लागणार नाही, हेही मी सांगितले. तेव्हा भावकीतल्या आणखी काहींना तसेच लावायला सांगतो म्हणाला.

पत्रक मात्र तो माझ्याकडेच विसरला. त्यावरचे चार टन अजून ठळक अक्षरांत आहेत.