साताऱ्याचा दरबार

नारायण वामन टिळकांचं नाव घेतलं की आपल्याला अहमदनगर आठवतं, नाशिकजवळचं जलालपूर आठवतं, 'केवढे हे क्रौर्य!' ही शाळेत पाठ केलेली कविता आठवते. सातारा मात्र सहसा आठवत नाही. या माणसाने आयुष्याची शेवटची दोन-एक वर्षं अजिंक्यतारा किल्ल्याच्या सावलीत काढली आणि आयुष्यभर जे लिहिलं ते कशासाठी, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर तिथेच दिलं. म्हणून हा मागोवा साताऱ्यापासून सुरू करून मागे न्यायचा.

१९१७ साल. टिळकांचं वय पंचावन्नच्या घरात. अमेरिकन मराठी मिशनमधली नोकरी, पगार, मानमरातब सगळं होतं. रीतसर दीक्षा मिळालेले ते रेव्हरंड होते आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकही. त्या सप्टेंबरात त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही या दरबारात जागा होती, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ही गोष्ट त्या काळच्या मिशनला पचणं कठीण होतं आणि हिंदू समाजाला त्याहून कठीण. मंडळीच्या वहीत नावं वाढावीत एवढ्याचसाठी लिहिणारा माणूस ती वहीच बाजूला सारत नाही. टिळकांनी ती सारली. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मते हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मग हेतू कोणता? त्याचं मूळ १८९३ सालच्या आगगाडीच्या एका डब्यात सापडतं. टिळक नागपूरहून नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. संस्कृत जाणणारे, वेदवाङ्मयाच्या संपादनात राबलेले, आणि देशाचं भलं व्हायचं तर धर्माचं काय करायचं या विचाराने अस्वस्थ झालेले. समोर बसलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, कवितेवर आणि धर्मावर. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि वाचा म्हणाला. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. पुढे त्यांनी आपलं नाव न सांगता मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

हे सगळं घडलं कागदावरून. प्रवचन ऐकून नाही, मिशनच्या शाळेत बसून नाही, कुणी वादात हरवलं म्हणूनही नाही. अनोळखी माणसाने दिलेलं पुस्तक त्यांनी एकट्याने वाचलं होतं. ज्याला स्वतःला हे असं मिळालं, तो माणूस पुढे चोवीस वर्षं कागदावर ओततच राहिला, याचं मला नवल वाटत नाही. कुठे तरी डब्यात, ओसरीवर, खानावळीत आपल्यासारखाच कुणी बसला असेल, आणि त्याच्या हाती काही पडलं पाहिजे, ही ओढ त्यांच्या लिखाणाच्या मुळाशी आहे.

पण हाती पडायचं ते कोणत्या भाषेत? टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती लेखन पुष्कळ होतं. 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होता. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. कृष्णराव सांगळे नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं करत. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं, ओवीबद्ध आणि मराठीवर जीव टाकणारं. पण एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गाणी ठाण मांडून बसली होती. पेटीवर ती वाजत, लोक ती म्हणत, पण ती घशाखाली उतरत नसत. शेतावरून येऊन रात्री टाळ घेऊन बसणाऱ्या माणसाला परक्या चालीत देव आळवायला लावणं टिळकांना अन्यायाचं वाटे.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. हे वाक्य पुष्कळदा नुसतं कौतुकाने सांगितलं जातं, पण त्यात त्यांची सगळी योजना आहे. पूल ओलांडून आल्यावर तो मोडायचा नाही, मागून येणाऱ्यांसाठी उभा ठेवायचा. म्हणून त्यांनी अभंग लिहिले. ख्रिस्ताला गुरू म्हटलं, माउली म्हटलं. आशय मात्र नवा काढला नाही, आणि हे नीट लक्षात घ्यायला हवं. देहधारण, क्रूस, पापाची कबुली, क्षमा, प्रार्थना: शतकानुशतकं चर्च जे सांगत आलं तेच त्यांनी सांगितलं. पोशाख बदलला म्हणून त्यांना कुणी बंडखोर म्हणालं, पण विचाराच्या बाबतीत हा माणूस परंपरेला धरूनच होता. साताऱ्यात बाप्तिस्म्याची अट सैल झाली, ख्रिस्तावरची निष्ठा नाही.

साताऱ्यात हे सुचावं यातही एक संगती आहे. शेजारी सज्जनगड, खाली कृष्णेचं पाणी, वाटेवर वारकऱ्यांची गावं. भक्तीची भाषा या मातीत वेगळी शिकवावी लागत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर टिळकांना जवळून ओळखणारे 'ज्ञानोदया'चे जुने संपादक जस्टिन अॅबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून उतारवयात एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास इंग्रजीत नेत होते. टिळकांच्या पुलावर येजा दोन्ही बाजूंनी झाली.

त्या काळी मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता. सातारा, वाई अमेरिकन मराठी मिशनकडे. सांगली, मिरज, कोल्हापूर प्रेसबिटेरियन मिशनकडे, ज्यांच्या डॉ. वॉन्लेसनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. माणसांनी आखलेल्या या सीमा टिळकांच्या गाण्यांनी कधी जुमानल्या नाहीत. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीतं अडीचशेच्या आसपास आहेत. पंथ कोणताही असो, कृष्णाकाठच्या चर्चमध्ये रविवारी ती गायली जातात. गाणाऱ्यांतल्या कित्येकांना ती साताऱ्याच्या दरबाराच्या टिळकांची हे माहीत नसतं. अनोळखी वाचकासाठी लिहिणाऱ्याला याहून वेगळं काय हवं होतं!

दरबार मात्र फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले आणि मागे घडी सांभाळील असं कुणी उरलं नाही. संस्था म्हणून पाहिलं तर साताऱ्याचा प्रयोग फसला, हे मान्य केलं पाहिजे. मिशनने तो आपला मानला नाही आणि मिशनबाहेर त्याला घर नव्हतं. मला त्याची हळहळ वाटते. पाच-दहा वर्षं आणखी मिळती तर दक्षिण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती जीवनाला वेगळं वळण लागलं असतं, असं राहूनराहून मनात येतं.

एक काम अर्धंही झालं नव्हतं. १९०९ साली त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध मांडायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. हातून झाले ते सुरुवातीचे थोडे अध्याय. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या मनाने कोसळल्या, कित्येक वर्षं माहेरच्यांकडे राहिल्या आणि १९०० साली आपल्या पायांनी त्या श्रद्धेपाशी आल्या. त्याच बाईंनी पतीमागे 'ख्रिस्तायना'चा बहुतेक भाग एकटीने रचला आणि त्याच काळात 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही लिहिलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा हात मुलाने, देवदत्तांनी, फिरवला. आईबापांचं ते एकत्रित पुस्तक १९३८ साली छापून बाहेर आलं, तेव्हा दोघांपैकी कुणीही ते हातात घ्यायला उरलं नव्हतं.